अक्षत द्यायला निघालो तेव्हा

माझा धाकटा दीर ज्या दिवशी गेला, त्या दिवशी मी त्याच्याच घरी निघालेले. नातीच्या लग्नाची अक्षत द्यायला. तो पहाटे गेला. आम्ही कोपरीतून सकाळी निघालो तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. माजिवड्याला मुलाला कळलं, सुनेला कळलं. मला त्यांनी सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आमच्यात भावकीतलं कोण गेलं की दहा दिवस सुतक. सुतकात लग्न होत नाही. पण सुतक लागतं ते ऐकल्यावर. ऐकलंच नाही तर लागत नाही, असं आमच्याकडे धरतात. आणि एकदा देवक बसलं की मग कोणी गेलं तरी लग्न थांबत नाही. आमचं देवक शनिवारी बसायचं होतं, लग्न रविवारी. हा गुरुवार. आता मुलाने ऐकलेलं, म्हणजे त्याला लागलंच. पण घरात मी मोठी. मी पाळायला बसले तर सगळ्यांना पाळावं लागणार. मला ठाऊक नाही म्हणजे घराला ठाऊक नाही.

नातीचं आधी एक जमलेलं मोडलं होतं, साखरपुडा होऊन. तेव्हा ती दोन महिने कुणाशी बोलली नव्हती. आताचा मुलगा जहाजावर कामाला, लग्न झालं की पंधरा दिवसांत जाणार, मग वर्षभर यायचा नाही. हे पुढे ढकललं असतं तर वर्षभर लांबलंच असतं. पोरीलाच नाव ठेवलं असतं लोकांनी.

तर असं.

दीर टिटवाळ्याला राहायचा, काळू नदीच्या अंगाला घर. किडन्या गेलेल्या त्याच्या. आठवड्यातून तीनदा कल्याणला नेऊन मशीनवर झोपवायचे. मी तीन महिने त्याला बघितलं नव्हतं, माझे गुडघे, घरात लग्नाची कामं. त्याने फोन केलेला, "वहिनी, पत्रिका हातात द्यायला या. मोबाईलवर पाठवलीत तर मी येणार नाही, सांगून ठेवतो." मी बोलले, "येते रे बाबा. अक्षत घेऊन येते." तो बोलला, "लवकर या." एवढंच. पण त्याचा आवाज ऐकून मी मुलाला सांगितलं की पहिली फेरी टिटवाळ्याचीच करायची. मला त्याला बघायचं होतं. बाकी पत्रिका पोचल्या काय, नाही पोचल्या काय.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर सहा वर्षांचा. सासू नव्हती. थोरले दीर-जाऊ कल्याणला वेगळे. कोपरीतल्या एका खोलीत मी, आमचे हे, सासरे आणि हा. पहिले काही दिवस माझ्याशी बोलायचाच नाही, दाराआड उभा राहून बघायचा. मग एकदा ताप आला, टायफॉइड निघाला, तेव्हापासून माझ्या हातचंच जेवायचा. लोकांना वाटायचं माझाच मुलगा.

आमचे हे बांधकामावर मुकादम होते. परांची कोसळली आणि कंबरेतून गेले. अंथरुणावरच होते मग. दीर सतरा वर्षांचा होता. शाळा सोडून मोहोन्याच्या कंपनीत लागला. पाच माणसांचं घर त्याने ओढलं, माझा मुलगा कमावता होईपर्यंत. स्वतःचं लग्न उशिरा केलं. ह्यांना आंघोळ घालायला मी एकटी पुरायची नाही, तर कामावरून येऊन तो घालायचा. कधी तोंड वाकडं केलं नाही. एकदा मी विचारलं, "कंटाळत नाहीस का रे?" तो बोलला, "कंटाळून काय करू, वहिनी? भाऊ बदलून मिळतो का?" आणि हसला. आमचे हे पण हसले अंथरुणावर पडल्या पडल्या.

मुलाची शाळेच्या पोरांची व्हॅन आहे. सुट्टी होती म्हणून तीच काढली. मागे बाकड्यावर मी आणि सून, मध्ये पत्रिकांची पिशवी, हळदीकुंकवाची कोयरी, अक्षतांचा डबा. माजिवड्याला गॅस भरायला रांगेत लागलो. ही लांब रांग. मुलगा उतरून पुढे जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याला फोन आला. मी काचेतून बघत होते. त्याने फोन कानाला लावला आणि दुसरा हात डोक्यावर ठेवला. मग सुनेला खूण केली. ती गेली. दोघं गाडीच्या मागे उभे राहिले बराच वेळ. मागचे हॉर्न द्यायला लागले.

ती येऊन बसली तेव्हा मी विचारलं, "कोणाचा फोन?"

"हॉलवाल्याचा. खुर्च्यांचं काहीतरी."

"मग तुझे डोळे का लाल?"

"धूर केवढाय बघा ना, आई."

धूर होताच. मी विश्वास ठेवला. खुर्च्या म्हणजे भांडणाचंच काम.

साकेतचा पूल ओलांडला, खाडीला ओहोटी होती, नुसता काळा चिखल. तिथून भिवंडीच्या बाजूने कोनला आलो. मुलगा एक शब्द बोलला नाही. एरवी गाडी चालवताना प्रत्येकाला शिव्या घालतो. एक डंपर अंगावर आला, तरी गप्प. मी बोलले, "काय रे, मौन धरलंस का लग्नापर्यंत?" तो बोलला, "ऊन लागतंय, आई." मग दुर्गाडीच्या पुलावर गाडी हळू करून मागे न बघता बोलला, "मोठ्या आईकडे जाऊ. मग मावशीकडे जेवू. टिटवाळ्याचं बघू, उशीर झाला तर राहू दे आज."

"राहू दे काय? टिटवाळ्यासाठीच निघालो ना आपण?"

"बघू बोललो ना."

तेव्हा मला राग आला त्याचा. काकाने याला खांद्यावर बसवून शाळेत नेलेला, आणि याला आता उशीर होतो.

थोरल्या जाऊबाई कल्याणला खाडीच्या बाजूला राहतात. चाळ पाडून इमारत झाली, दुसरा मजला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, पण ताठ. दार त्यांच्या सुनेने उघडलं. ही पोर फार रीतीची. मी जेव्हा जाईन तेव्हा दारातच पदर घेऊन वाकते, माझ्या पायाला हात लावते, मग आत घेते. त्या दिवशी पण वाकली. अर्धी वाकली, हात पुढे आला, आणि तशीच थांबली. हात मागे घेतला. उभी राहिली आणि तोंड लाल करून भिंतीकडे बघायला लागली.

आतून जाऊबाई ओरडल्या, "अगं, उभी काय राहिलीस? चहा टाक!"

सुतकात कोणी कोणाच्या पाया पडत नाही. पोरीचा हात सवयीने पुढे आला आणि मग तिला आठवलं. मी उंबऱ्यावर उभी होते, एक पाय आत, एक बाहेर. मला तिथेच कळलं भावकीत कोणीतरी गेलं. कोण ते विचारायची गरज नव्हती. आजारी एकच होता.

मी आत जाऊन बसले. आता बघितलं तर सगळं दिसत होतं. देवाला कालचीच फुलं, सुकलेली. दिवा नाही. जाऊबाईंची दोन्ही पोरं घरात नाहीत.

मी विचारलं, "पोरं कुठं गेली?"

"कामाला."

दोघांचे डबे ओट्यावर पालथे होते.

माझ्या सुनेने कोयरी काढलीच नाही. पिशवीत हात घालून नुसती चाचपत बसली. मीच पत्रिका काढली, वर अक्षत ठेवली आणि जाऊबाईंपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. "ठेव तिथे टेबलावर," बोलल्या. मी ठेवली. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. त्यांचं तोंड थरथरत होतं. बाई नवरा गेला तेव्हा पण चारचौघांत रडली नव्हती.

मी विचारलं, "धाकट्याकडे गेलेलात का एवढ्यात?"

"आज सकाळी जाऊन आले."

"कसाय?"

त्यांनी पदराचं टोक हातात गुंडाळलं, सोडलं. मग बोलल्या, "शांत झोपलाय. आता दुखत नाही त्याला."

"बरं झालं," मी बोलले.

माझा मुलगा दारात उभा होता. तो लगेच बोलला, "चला आई, मावशी जेवायला थांबलेय."

जाऊबाई त्याच्यावर खेकसल्या, "तिला चहा तरी पिऊ दे रे! घोड्यावर बसून आलायस का?" आणि मग हळूच मला, "पी गं. गरम आहे. पी."

मी चहा प्यायले. कडू-गोड काही कळलं नाही. जिना उतरताना सुनेने माझा दंड धरला.

गाडीत बसल्यावर मी विचार केला, आत्ता बोलावं. मुलाला सांगावं की मला कळलंय, फिरव गाडी, मला त्याचं तोंड बघू दे. अजून नेला नसेल, दुपारशिवाय नेत नाहीत, त्याची मुलगी पुण्याहून यायची असेल. तोंडाशी आलेलं. पण बोलले की ऐकलेलं झालं. बोलले की रविवार गेला. समोर सीटच्या खिशात नातीचा फोटो खोचलेला, पत्रिकेवर छापायला दिलेला तो. मी बाहेर बघत बसले. शहाडचा पूल आला, खाली उल्हास नदी, तिच्यात जलपर्णी एवढी की पाणी दिसत नाही, म्हशीला चरायला सोडावी असं हिरवं.

मोहोन्याला माझी बहीण. ती माहेरची, तिला आमचं सुतक नाही आणि तिला काही ठाऊकही नव्हतं. नदीकडेच घर, मोठ्या पुरात माळ्यापर्यंत पाणी आलेलं, तरी सोडलं नाही. ती दारातच सुरू झाली.

"आलात का राजे? मला वाटलं लग्न लावूनच येताय! भाकऱ्या गार झाल्या."

मुलगा बोलला, "मावशी, गॅसची रांग होती."

"तुझी रांग आणि तू. जाड झालायस. वरबाप आहेस का वधूबाप, कळायचं नाही लोकांना."

सून हसली आणि हसता हसता रडायला लागली. बहीण बोलली, "अगं, आतापासून? पोरगी सासरी जाईल तेव्हा काय करशील?" तिला वाटलं लेकीसाठी. तिने सुनेला जवळ घेतलं, थोपटलं. मी बघत होते. रडायला तिला बरं कारण मिळालं. मला ते पण नव्हतं. मी रडले असते तर तिने ओळखलं असतं, लहानपणापासून ओळखते ती.

जेवलो. बहीण बोलली, "ताई, ती अक्षत तुझ्या हाताने आमच्या देवापुढे ठेव." मी बोलले, "गुडघे वाकत नाहीत गं, तूच ठेव." ती बडबडत गेली, "आता देवाला पण टेबल-खुर्ची लागणार."

निघताना तिने पिशवी आणली. फणसाचे गरे. "दिराला दे तुझ्या. आवडतात त्याला. की चालत नाहीत त्याला?"

किडनीवाल्याला फळं चालत नाहीत, पाणी सुद्धा मोजून. मी काही बोलायच्या आत सूनच बोलली, "आता चालतात त्यांना." आणि पटकन गाडीत जाऊन बसली.

बहीण खूश झाली. "बरं वाटतंय का मग? बघ, मी बोलले नव्हते?"

आता टिटवाळा राहिलेला. लग्नाची एक पत्रिका टिटवाळ्याच्या गणपतीला ठेवायची, हे आधीपासून ठरलेलं. मुलाने ते टाळलं असतं तर मी "का रे?" विचारलं असतं, त्यामुळे तो टाळू शकला नाही. गाडी सरळ देवळाशी नेली. घराची वाट त्याच्या अलीकडे वळते. तो वळला नाही, आणि मी पण त्या वाटेकडे बघितलं नाही.

देवळाबाहेर गाडी उभी केली. मी पत्रिका काढली, त्यावर हळदकुंकू, अक्षत, सुपारी. सुतकात देवळात जात नाहीत. आता गंमत अशी की मी जाऊ शकत नव्हते, पण न जाण्याचं कारण सांगायला हवं होतं.

मी बोलले, "तू ठेवून ये. माझ्याच्याने रांगेत उभं राहवणार नाही."

मुलगा बोलला, "मी? गाडी इथे सोडून कसा जाऊ? टोइंगवाले उचलतात. ही जाईल."

सून खाली बघून बोलली, "मला नाही चालणार. मी आज बाजूला आहे."

तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली. घरात एकच न्हाणी, कोणाचं काय ते सगळ्यांना ठाऊक. मुलाने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. रस्त्यावर उन्हात आम्ही तिघं, मध्ये पत्रिका, आणि कोणी हात लावीना. तेव्हा त्याला कळलं की मला कळलंय. त्याचे ओठ हलले. मी पटकन बोलले, "काही बोलू नकोस. तुझा घसा बसलाय."

दुर्वांची टोपली घेऊन एक बाई बसलेली. मी तिच्याकडे गेले. "बाई, एवढी पत्रिका देवापुढे ठेवशील का? नातीचं लग्न आहे."

ती बोलली, "अहो मग तुम्हीच ठेवा की. लांबून आलात, आणि दारातून परत जाता?"

"पाय चालत नाहीत."

"आणि हे दोघं? ह्यांचे पण पाय गेले का?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. बाजारात बसणाऱ्या बायकांना फार सांगावं लागत नाही. टोपली शेजारणीला सांभाळायला दिली आणि पत्रिका घेऊन आत गेली. आम्ही उभे राहिलो. येऊन बोलली, "ठेवली. पोरीचं चांगलं होईल." दुर्वांची जुडी द्यायला लागली, ती पण मला घेता येत नव्हती. मी "राहू दे" बोलून गाडीत बसले.

मुलाने गाडी सुरू केली नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. मग बोलला, "आई, काकांकडे जायचं का?"

त्याने माझ्यावर टाकलं. त्याला दोष देत नाही, दुसऱ्या कोणावर टाकणार? घर तिथून जवळ. गाडीने गेलं तर विडी ओढून संपायच्या आत. दारात माणसं असतील, चपला असतील. त्याला आंघोळ घालत असतील. लहानपणी मी घातली, ह्यांना त्याने घातली, आता त्याला कोण घालत होतं मला ठाऊक नाही. मी गेले असते तर पाणी तरी ओतलं असतं.

मी बोलले, "उन्हं फार झाली. त्याची झोप मोडायला नको. लग्न झालं की जाऊ."

सुनेने पदर तोंडात कोंबला. मुलाने गाडी सुरू केली. लोक बोलतात, दिराला पण हेच पटलं असतं, नातीसाठी. असेल. मला नाही ठाऊक. त्याने मला या बोललेला, आणि मी त्याच्या गावात जाऊन परत फिरले. फणसाच्या वासाने गाडी भरलेली. कोनच्या पुढे मुलाने गाडी थांबवून ती पिशवी खाली ठेवली. कुत्र्यांनी पण खाल्ली नसेल.

लग्न झालं. चांगलं झालं. शनिवारी देवक बसलं, तेव्हा मी विधवा बाई म्हणून लांबच बसले, कुणाला नवल वाटलं नाही. रविवारी हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, आल्या-गेल्याला या बसा केलं. कोणी विचारलं, टिटवाळ्याचे दिसत नाहीत? मी बोलले, त्याला बरं नाही. नात हसत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं काका आजोबा मशीनवर आहेत. तिला मी खरंच काही कळू दिलं नाही, एवढं एक जमलं.

सोमवारी सकाळी मुलगा माझ्यापुढे बसला, पाट घेऊन. "आई, टिटवाळ्याचे काका गेले." तसं बोलावंच लागतं, तोंडाने. मी "अरे देवा" बोलले. उठून अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ केली. मग आम्ही निघालो, तोच रस्ता, तीच गाडी.

घर भरलेलं होतं. मी आत गेले तशा बायका सरकल्या, मला वाट दिली. मी आल्यावर रडारड होणार हे सगळ्यांना ठाऊक, वहिनी म्हणजे आईच त्याची. मी धाकट्या जावेपुढे बसले. ती माझ्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडला. मला रडू आलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बायका बघत होत्या. एक कोपऱ्यात हळूच बोलली, "नातीच्या लग्नाची हळद उतरली नाही अजून अंगावरची." मी ऐकलं. ऐकून घेतलं.

रडणं थांबल्यावर जाऊ नाक पुसत मला बोलली, "बुधवारी न्हावी घरी बोलावलेला ह्यांनी. उभं राहवत नव्हतं, गादीवरच बसून दाढी करून घेतली. मी बोलले, कशाला जीवाला त्रास? तर बोलले, उद्या वहिनी येणार. दाढी वाढलेली बघितली की ओरडतात."

मी विचारलं, "गालाला कापलं नाही ना कुठे? त्याची कातडी फार नाजूक."

ती बोलली, "नाही. चांगली झालेली. सकाळी तशीच होती, गुळगुळीत."